ठिगळ लावलेला भोपळा

ओसामू तेझुकाचा 'ब्लॅक जॅक' मी पहिल्यांदा फोनवर वाचला, एकेक चौकट मोठी करत. गोष्ट ऐन रंगात आलेली. आता कोण जगणार, कोण मरणार अशी धाकधूक. आणि तेवढ्यात एका पात्राला धक्का बसतो आणि त्याच्या धडावर भलतंच डोकं उगवतं. डुकरासारखं नाक, फुगलेले गाल, तोंडभर ठिगळं. पुढच्या चौकटीत सगळं पूर्ववत. कुणी काही बोलत नाही. मला वाटलं, फाईलच करप्ट आहे.

फाईल ठीक होती. ह्या प्राण्याचं नाव ह्योतानत्सुगी. 'ह्योतान' म्हणजे कमरेत आवळलेला भोपळा, आपल्या दुधीच्या जातीतला. 'त्सुगी' म्हणजे ठिगळ. तेझुकाच्या (१९२८–१९८९) धाकट्या बहिणीनं लहानपणी हा गिरमिटला होता. भावानं तो उचलला आणि आयुष्यभर सोडला नाही. एकदा ओळख पटली की तो सगळीकडे दिसायला लागतो. पळापळीच्या चौकटीत कोपऱ्यातून निघतो, नाकातून वाफ सोडतो आणि गायब होतो.

तेझुकाची 'स्टार सिस्टीम' मंगा वाचणाऱ्यांना माहीत असते. तो आपल्या पात्रांना नटांसारखं वागवायचा. एकच चेहरा ह्या गोष्टीत खलनायक, त्या गोष्टीत पोलीस. डोक्यामागे मेणबत्ती पेटणारा अ‍ॅसिटिलीन लॅम्प १९४८च्या 'लॉस्ट वर्ल्ड'मध्ये होता आणि ऐंशीच्या दशकातल्या 'अडोल्फ'मध्ये तोच गेस्टापोचा माणूस झाला. मूळचं गाव ताकाराझुका, तिथली संगीत नाटकमंडळी जपानभर प्रसिद्ध. त्यामुळे ही सवय कुठून आली हे वेगळं सांगायला नको. पण ह्योतानत्सुगी ह्या कंपनीतला नट नाही. त्याला सहसा भूमिका नसते, संवाद नसतो, कथानकात काम नसतं. आपल्या तमाशातला सोंगाड्या निदान बोलतो, टोमणे मारतो. हा नुसता असतो. चित्रकथेतून त्याला काढून टाका, गोष्टीचं काहीही अडणार नाही.

प्रोग्रामर म्हणून माझा हात अशा ठिकाणी लगेच डिलीटकडे जातो. कुठेच न वापरलेला कोड कशाला ठेवायचा? आणि समीक्षक म्हणून पहिली प्रतिक्रियाही तीच होती: हा पोरकटपणा आहे. गंभीर गोष्टीवर विश्वास नसलेल्या लेखकानं केलेला.

हा आरोप तेझुकाच्या काळातही हवेत होताच. १९५७च्या सुमारास योशिहिरो तात्सुमीनं आपल्या कामाला 'गेकिगा' हे नाव दिलं. मोठ्यांसाठी, काळोख्या, वास्तवाच्या जवळच्या चित्रकथा. गोलगोल डोळ्यांच्या मुलांच्या मंगापासून आपण वेगळे आहोत हे ठसवण्यासाठीच ते नाव होतं. त्या गोलगोल डोळ्यांचा बादशहा तेझुका. पुढच्या दशकात वाचक वयानं वाढले, आवड बदलली, आणि तो जुनाट वाटायला लागला. १९७३मध्ये त्याची अ‍ॅनिमेशन कंपनी, मुशी प्रॉडक्शन, दिवाळखोरीत गेली. 'ब्लॅक जॅक' सुरू झाला तो त्याच वर्षाच्या शेवटी.

म्हणजे स्वतःला गंभीर सिद्ध करायची त्याला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा. त्यानं तशी पावलंही उचलली. रेषा काळोखी झाली, विषय मृत्यूचा घेतला. ओसाकाला घेतलेलं वैद्यकीय शिक्षण कामाला लावलं, पोटातले अवयव तपशिलानं काढले. पण बहिणीचं ते चित्र काढून टाकलं नाही.

का? लाजाळूपणा, असं एक उत्तर नेहमी दिलं जातं. प्रसंग फार भारी झाला की तेझुका संकोचतो आणि विनोद करतो. हे खरं असेलही, पण 'ब्लॅक जॅक'साठी ते अपुरं आहे. ह्या मालिकेचा नायक पाहा. लहानपणी स्फोटात चिंधड्या झालेला, पुन्हा शिवलेला. चेहऱ्यावर तिरका टाका, आणि एका बाजूची त्वचा मित्राकडून घेतलेली, वेगळ्या रंगाची. त्याच्याबरोबर राहणारी पिनोको तर अठरा वर्षं जुळ्या बहिणीच्या शरीरात गाठ होऊन राहिलेली. तिचे अवयव बाहेर काढून, कृत्रिम देहात जुळवून त्यानं तिला माणूस केलं. दोघंही ठिगळांची माणसं. मग पानाच्या कोपऱ्यात ठिगळं लावलेला भोपळा दिसतो, तो मला परका वाटत नाही. तो ह्याच घरातला आहे.

तेझुकानं असं ठरवून केलं, असा माझा दावा नाही. ह्योतानत्सुगी ब्लॅक जॅकच्या कितीतरी आधीचा. पण शेजारी ठेवल्यावर दोन गोष्टी एकमेकींबद्दल बोलतातच. ब्लॅक जॅकच्या गोष्टीत शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि तरी माणूस मरतो, असं घडतं. शिवलेलं पुन्हा उसवू शकतं, हे तिथे सतत डोक्यावर असतं. ह्योतानत्सुगीही शिवलेलाच, पण त्याला काही होत नाही. तो पुढच्या गोष्टीत पुन्हा हजर. एवढ्या मरणांच्या मालिकेत न मरणारी एक गोष्ट, आणि ती एका लहान मुलीनं काढलेली.

दरवेळी हे जमतं असं नाही. काही पानांवर तो खरोखरच रसभंग करतो, हुंदका घशात अडकवून ठेवतो. साप्ताहिकाच्या घाईत सवयीनं हात गेला असावा, असं वाटतं. त्या जागांचं समर्थन मी करणार नाही.

पण मोठं व्हायचं तर लहानपणाच्या खुणा पुसाव्या लागतात, हे मी बरीच वर्षं गृहीत धरलं होतं. ऑफिसात, लिहिण्यात, बोलण्यातही. तेझुकानं सुमारे दीड लाख पानं काढली असं म्हणतात. त्यातल्या कितीतरी पानांवर बहिणीचं चित्र आहे, आणि त्यामुळे ती पानं हलकी झालेली नाहीत. आता वाचताना मी त्याला शोधतो. सापडला की थोडं थांबतो, आणि मग पुढचं मरण वाचतो.