स्वखर्चाने काढलेली प्राण्यांची पुस्तके

नातवंडांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहून स्वखर्चाने छापाव्यात, ही हौस आम्हांला मोलाची वाटते. तक्रार एवढीच, की त्या पुस्तकांत कोल्हा नेहमी लबाड असतो आणि लेखकाने कोल्हा पाहिलेला नसतो.

बिआट्रिक्स पॉटर यांना प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा डिसेंबर 1901 मध्ये त्यांनी पीटर सशाच्या गोष्टीच्या 250 प्रती स्वतःच छापून घेतल्या. मुळात ती 1893 साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातली गोष्ट, आणि पीटर हा त्यांचा पाळलेला ससा. अंगात कोट असला तरी तो ससाच राहतो, कारण तो रोज पाहून काढलेला आहे. 1902 मध्ये प्रकाशकानेही ते पुस्तक काढले.

कतारमध्ये अल वक्रा भागात बिरकत अल अवामेर आहे. बिरकत म्हणजे आपल्या हिब्रूतली ‘ब्रेखा’, तळे. आज तिथे गोदामे आहेत. तिथे राबणाऱ्या एखाद्या मराठी बापाने गावाकडच्या मुलीसाठी पुस्तक काढायचे ठरवले, तर त्याने जंगलचा सिंह कशाला आणावा? कतारच्या वाळवंटात ‘धब’ आहे: बिळात राहणारा, पाला खाणारा, काटेरी शेपटीचा मोठा सरडा. सकाळच्या गारव्यात काळपट, ऊन चढले की फिकट. त्याच जातीचा आपल्या नेगेवमधला ‘हरदोन त्साव’. वायिक्रा 11 मधला ‘त्साव’ हाच, असे पुष्कळ विद्वान मानतात.

त्याची मराठी गोष्ट आमच्या पाहण्यात नाही. कोणी लिहिलीच तर पन्नास प्रती पुरेत. चित्र मात्र उसने घेऊ नये.