‘८५ टक्के अचूकता’ या निकषाची चिकित्सा

‘एकूण अचूकता ८५ टक्क्यांहून अधिक आहे, म्हणून नकाशा ग्राह्य’ हे वाक्य तुम्ही प्रकल्प अहवालांत वाचले असेल, कदाचित लिहिलेही असेल. हा निकष रूढ झाला तो प्रामुख्याने अँडरसन व सहकाऱ्यांच्या भूमी उपयोग वर्गीकरणामुळे (अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षण, १९७६). त्याच यादीत दुसरी अटही होती: निरनिराळ्या वर्गांची अचूकता साधारण सारखी असावी. पहिली अट सर्वांना पाठ झाली, दुसरी मागे पडली.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणातून पाहा. यादृच्छिक पद्धतीने १०० संदर्भ बिंदू निवडले. प्रत्यक्षात १० बिंदूंवर वन आहे, ९० वर नाही. नकाशा ८ बिंदूंवर वन दाखवतो, त्यांपैकी ४ बरोबर आहेत. त्रुटी सारणी अशी:

- वन बरोबर ओळखले: ४
- वन सुटले: ६
- नसलेले वन दाखवले: ४
- वनेतर बरोबर ओळखले: ८६

एकूण अचूकता ९० टक्के! पण वनाची उत्पादक अचूकता ४० टक्के (१० पैकी ४) आणि उपयोजक अचूकता ५० टक्के (८ पैकी ४). आता सगळीकडे ‘वनेतर’ असा एकच रंग भरा. त्या कोऱ्या नकाशाचीही एकूण अचूकता ९० टक्केच येईल.

कोहेन यांचा कप्पा गुणांक (१९६०) येथे सुमारे ०.३९ येतो आणि धोक्याची सूचना देतो. मात्र वन सुटले की जास्तीचे दाखवले, हे तो सांगत नाही. पॉन्टियस व मिलोन्स यांनी २०११ मध्ये कप्पाचा वापर सोडण्याचीच शिफारस केली.

व्याख्येकडेही दुर्लक्ष नको. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान १ हेक्टर क्षेत्र आणि १० टक्के छत्र घनता असलेली जमीन वनाच्छादनात येते, मालकी व उपयोग कोणताही असो. त्यामुळे फळबाग वनाच्छादनात दाखवणारा नकाशा व्याख्येनुसार अचूक ठरतो, पण नैसर्गिक जंगल किती उरले, याचे उत्तर देत नाही.

म्हणून अहवालात पूर्ण त्रुटी सारणी, बिंदू निवडीची पद्धत आणि प्रत्येक वर्गाची अचूकता द्या. ज्या वर्गावर निर्णय अवलंबून आहे, त्याचा आकडा आधी वाचा.