डू-वॉप गायनवृंद
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शहरी कृष्णवर्णीय तरुणांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केलेली समूहगायनशैली व ती सादर करणारे वृंद. ‘डू-वॉप’ ही संज्ञा १९६० नंतर रूढ झाली. तत्पूर्वी या गायनाची गणना ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या प्रकारात होत असे. रॉक अँड रोल संगीताच्या जडणघडणीत गिटारइतकाच या वृंदांच्या कंठस्वरांचाही वाटा आहे.

चर्चमधील गॉस्पेल चौकड्या आणि मिल्स ब्रदर्स व इंक स्पॉट्स यांसारखे १९३०–४० च्या दशकांतील लोकप्रिय वृंद ही या शैलीची दोन मुख्य उगमस्थाने होत. वाद्यांचे ध्वनी कंठाने काढण्यात मिल्स ब्रदर्स निष्णात होते, तर उंच टेनर आणि खर्जातील बास यांतील विरोध इंक स्पॉट्सनी परिणामकारक केला. बॉल्टिमोरच्या ओरिओल्स वृंदाच्या ‘इट्स टू सून टू नो’ (१९४८) या ध्वनिमुद्रिकेपासून नव्या शैलीचे रूप स्पष्ट होऊ लागले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस अँजेल्स इ. शहरांतील मुले रस्त्यांच्या कोपऱ्यांवर व इमारतींच्या जिन्यांत, स्वर घुमेल अशा जागी, वाद्यांविना सराव करीत.

वाद्यांचा हा अभावच शैलीच्या रचनेस कारण झाला. बास लय धरतो, मधले आवाज स्वरसंघात पुरवितात, प्रमुख गायक गीत गातो आणि त्याच्याही वर कृत्रिम तारस्वर तरंगत राहतो. षड्ज, धैवत, मध्यम व पंचम यांवर उभारलेल्या चार स्वरसंघातांचे आवर्तन अनेक गीतांचा पाया आहे. वृंदाच्या तोंडची निरर्थक अक्षरे म्हणजे बालिश बडबड, असा आक्षेप घेतला जाई. तो या गायनाची रचना ध्यानात न घेतल्याचा परिणाम होय. तराण्यात बोलच मुख्य स्वररचना वाहून नेतात. येथे मात्र अक्षरे ढोल, बास व शिंगवाद्ये यांची जागा घेतात.

अशी रचना स्वभावतःच सामूहिक असते; व्यवसाय व कायदा मात्र व्यक्तीचे नाव मागतात. या विसंगतीची झळ वृंदांना बसली. कॉर्ड्स या ब्राँक्समधील कृष्णवर्णीय वृंदाचे ‘श-बूम’ (१९५४) लोकप्रिय झाले. परंतु त्याच वर्षी क्रू-कट्स या कॅनडातील श्वेतवर्णीय वृंदाची त्याच गीताची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत अग्रस्थानी गेली. गीतरचनेवर स्वामित्वधन देय असे. गायनशैली उसनी घेतल्याबद्दल मूळ गायकांना काहीच मिळत नसे. फ्रँकी लायमन व टीनएजर्स यांच्या ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ (१९५६) या गीताच्या कर्तृत्वात निर्माता जॉर्ज गोल्डनर व पुढे मॉरिस लेव्ही यांची नावे आली. वृंदातील हर्मन सँटिआगो व जिमी मर्चंट हे सहरचनाकार असल्याचे ज्यूरीने १९९२ मध्ये मान्य केले. तथापि मुदत टळल्याच्या कारणाने अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो निर्णय फिरविला. लायमन त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी मरण पावला होता.

या शैलीने वर्णभेदाच्या सीमाही काही अंशी ओलांडल्या. डेल-व्हायकिंग्ज हा मिश्रवर्णीय वृंद विमानदलातील तरुणांमधून उभा राहिला. डिऑन व बेलमाँट्स यांसारख्या इटालियन-अमेरिकन वृंदांनी ती आत्मसात केली. शँटेल्स व शिरेल्स यांनी मुलींच्या वृंदांची वाट मोकळी केली. ड्रिफ्टर्सच्या ‘देअर गोज माय बेबी’ (१९५९) मध्ये तंतुवाद्यवृंदाची साथ आली आणि सोल संगीताकडील संक्रमण दिसू लागले. मोटाउनच्या मिरॅकल्स व टेम्प्टेशन्स या वृंदांतही हा वारसा आढळतो.

पुष्कळशा वृंदांची एकच ध्वनिमुद्रिका गाजली व त्यांची शब्दरचना बहुधा साचेबंद राहिली, ही या शैलीची मर्यादा होय. तथापि तिचे मोल शब्दांवरून ठरविणे योग्य नाही. साधनांच्या उणिवेतून चार-पाच आवाजांनी परिपूर्ण संगीत उभे करणे, हे तिचे खरे यश आहे; आणि त्याचे श्रेय कोणा एकाचे नसून संपूर्ण वृंदाचे आहे.