घट्ट तोच चांगला?

पान फाटले की चिकटपट्टी, शिवण सुटली की पांढरा डिंक, ही शाळेच्या ग्रंथालयातली रीत आता कार्यानुभवाच्या तासालाही शिकवली जाते. आमची तक्रार तिच्यामागच्या निकषाबद्दल आहे. जो जास्त घट्ट धरतो तो उत्तम, असे आपण धरून चालतो.

लाकडाला हे ठीक. जुन्या कागदात सांधा कागदाहून मजबूत झाला, की पान सांध्याच्या कडेला तुटते. पांढरा डिंक (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) वाळल्यावर पाण्याने फुगतो, पण नीट सुटत नाही. चिकटपट्टीचा चिकट थर पिवळा पडून कागदात झिरपतो. पट्टी गळते, डाग राहतो. १९६६ च्या महापुरात फ्लॉरेन्सचे ग्रंथ भिजले, त्यानंतर दुरुस्ती पुढे सोडवता आली पाहिजे, हा आग्रह ग्रंथसंवर्धनात बळावला.

गव्हाच्या सत्त्वाची खळ ओलाव्याने सुटते, पातळ करून तिची पकडही कमी करता येते. मात्र कसर लागू नये म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात, ते आम्हांला मान्य नाही. त्यातले तांबे सेल्युलोजच्या ऱ्हासाला वेग देते. (कीड मरते, कागदही!)

चाचणी वर्गात होऊ शकते. रद्दी कागदाच्या पट्ट्या निरनिराळ्या चिकटद्रव्यांनी जोडून आठवडाभर वाळवा. काही ओल्या टीपकागदाखाली अर्धा तास ठेवून सांधा सुटतो का ते पाहा, काही महिनाभर उन्हात ठेवून रंग ताडा. उरलेल्या ओढा. सांध्याआधी कागद फाटला, तर त्या द्रव्याला विद्यार्थी हमखास पैकीच्या पैकी गुण देतील. आम्ही ते कापू.