नूतनीकरण कीं जीर्णोद्धार ?

पुण्यांतील एका जुन्या वाड्याच्या माडीवरील बिऱ्हाडाचें गतवर्षीं ‘नूतनीकरण’ झालें. तें पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. काम नेटकें आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. सागवानी तुळयांवरील तैलरंगाचे थर उतरविले असून भिंतींना सिमेंटऐवजीं चुन्याचा गिलावा दिला आहे. हें विशेष स्तुत्य होय. कारण माती-विटांच्या भिंतींतील ओल चुन्यांतून बाहेर पडते, सिमेंटखालीं ती आंतच कोंडून तुळयांचीं टोकें कुजतात.

आमचा आक्षेप पोटमाळ्याविषयीं आहे. दिवाणखान्याची ‘मूळ उंची’ दिसावी म्हणून तो समूळ काढून टाकण्यांत आला. मोजमाप घेतलें नाहीं, आराखडा काढला नाहीं. तो वाड्याबरोबरचा कीं मागाहून घातलेला, हें तुळयांतील खाचांवरून कदाचित् ठरलें असतें. त्या खाचाही आतां बुजविल्या आहेत. माळ्यावर रुमालांत बांधलेलीं दोन दप्तरें होतीं, असें गवंडी सांगतो. तीं राडारोड्याबरोबर गेलीं !

शिवाय मूळ म्हणजे कोणत्या सालचें ? विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविला. १८२१ त तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगींत जळालेला भाग पुन्हां बांधला गेला. विसाव्या शतकांत तेथें नगरपालिकेची कचेरी होती. यांपैकीं खरा वाडा कोणता म्हणावयाचा ? पोथीच्या समासांत मागाहून दुसऱ्या हातानें लिहिलेली टीप कोणी संपादक खरडून टाकीत नाहीं.

‘नूतनीकरण’ हा शब्द मात्र प्रामाणिक आहे. त्यांतील च्वि-प्रत्ययाचा अर्थच असा कीं, जें तसें नव्हतें तें तसें करणें. जीर्णोद्धारांत जीर्णालाच उचलून धरावयाचें असतें.

राजवाड्यांनीं १८९८ त ‘साधनां’चा पहिला खंड काढला तो खासगी घरांतील कागदांच्या बळावर, नाना फडणिसांचें दप्तरही मेणवलीच्या वाड्यांत राहिलें म्हणूनच पारसनिसांच्या हातीं आलें. उपरोक्त वाड्याच्या मागील सोप्यावरील पोटमाळा अद्यापि शाबूत आहे. तेथील काम पावसाळ्यानंतर निघणार असें कळतें. मालकांची अनुज्ञा मिळाल्यास त्यापूर्वीं मोजमाप घेण्यास व वरील रुमाल तपासण्यास आम्ही सिद्ध आहों. त्यांस तसें पत्र धाडलें आहे.