गोधडीतील गाणी

मदतनिधीसाठी झालेल्या कार्यक्रमाचे परीक्षण लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. हेतू थोर, तेव्हा गायकाचा सूर कोठे ढळला हे सांगणे अप्रशस्त, अशी त्यामागची समजूत. ती मला कधीच पटली नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्याने फंडात किती भर पडली हे आज सांगू शकणारे थोडेच भेटतील. परंतु बालगंधर्वांची भामिनी सरस की केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, हा वाद त्या वेळच्या रसिकांनी पुढील पिढ्यांच्या हाती सोपविला. पैसा कामी आला आणि खर्च झाला. गाणे उरले, कारण श्रोते ते गाणे म्हणूनच ऐकत होते.

हे आठवण्यास कारण घडले ते असे. गतवर्षी मुलीकडे न्यू जर्सीत मुक्काम असता एका रविवारी दुपारी ती मला गावच्या ग्रंथालयातील लहानशा सभागृहात घेऊन गेली. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या एका मंडळाने (ही मंडळी स्वतःस 'क्वीअर' म्हणवितात, शिवी म्हणून मिळालेला शब्द त्यांनी बिरुद म्हणून धारण केला आहे) एड्सच्या रुग्णांच्या शुश्रूषेसाठी काव्यवाचन आणि गायन योजिले होते. दाराशी देणगीची पेटी, समोर एक पियानो, साठ-सत्तर खुर्च्या. प्रथम कविता नुसती वाचावयाची आणि मग तीच गावयाची, अशी पद्धत ठेवली होती. ती मला फार आवडली. आपल्या भावगीतांच्या कार्यक्रमांतही ती अवश्य चालू करावी.

गाणी बहुतेक 'एड्स क्विल्ट साँगबुक' या संग्रहातील होती. क्विल्ट म्हणजे आपली गोधडी. एड्सने गेलेल्या माणसांच्या नावांची एक प्रचंड गोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर प्रथम अंथरली गेली, तेव्हा तीत १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे एका थडग्याएवढा. ते शिवणाऱ्यांत मित्र होते, प्रियकर होते, आयाही होत्या. आजीच्या विरलेल्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेऊन लहानाचे मोठे झालेल्या आपणांस गेलेल्या माणसाचे कापड उबेसाठी राखण्याची ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. विल्यम पार्कर या बॅरिटोन गायकास वाटले की या गोधडीत गाणे नाही, ते असावे. तो स्वतः त्याच रोगाने ग्रस्त होता. त्याने ओळखीच्या संगीतकारांस पत्रे घालून गीते मागविली, आणि ४ जून १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या ॲलिस टली सभागृहात ती सादर झाली. गाणाऱ्यांत तोही होता. पुढील वर्षी तो वारला. संग्रह मात्र त्याने मुद्दाम उघडा ठेवला होता. त्यात पुढेही भर पडत गेली आणि २०१४ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचे उत्पन्न एड्स-संशोधनास देण्यात आले.

आता गुणदोष. त्या दुपारी ऐकलेल्या गीतांपैकी दोन-तीन मला सरळसरळ सामान्य वाटली. रोगाचे नाव घेतले, इस्पितळातील पांढरी चादर दाखविली, की कवीचे काम संपले, अशी त्यांची धाटणी. शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले होते. पण ते पाणी कवितेने आणलेले नव्हते. त्या ते घरूनच घेऊन आल्या होत्या. अशा वेळी टीकाकाराने गप्प बसावे हे मला कळते. मात्र गप्प बसणे निराळे आणि वाखाणणे निराळे.

याच्या अगदी उलट 'वॉल्ट व्हिटमन इन १९८९' हे गीत. कविता पेरी ब्रास यांची, स्वररचना क्रिस डीब्लासिओची; हा तरुण संगीतकारही १९९३ साली एड्सनेच गेला. कल्पना एवढीच, की यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या इस्पितळांतून जखमी शिपायांच्या खाटांशी बसणारा व्हिटमन १९८९ साली नव्या रुग्णांच्या खाटांशी येतो. वाचनात ही मला एक सुबक साहित्यिक उक्ती वाटली, प्राध्यापकास आवडावी अशी. गायनात ती राहिलीच नाही. चाल जवळजवळ अंगाईची आहे. कोणी कोणाची कीव करीत नाही. एक वडीलधारा माणूस येऊन बसतो, इतकेच. मदतीच्या दुपारी हे गीत विशेष शोभले, कारण व्हिटमननेही स्नेह्यांकडून पैसे गोळा करून शिपायांस फळे, तंबाखू, कागद नेऊन दिले होते आणि त्यांची पत्रे लिहून दिली होती.

येथे मला माझ्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. बावीस वर्षे मी व्हिटमन शिकविला. इस्पितळातील कविता मी उत्साहाने शिकवीत असे. 'भूतदया', 'मानवता' असे शब्द फळ्यावर पडत. १८६० च्या आवृत्तीत प्रथम आलेला 'कॅलमस' हा विभाग मात्र, ज्यात पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या कविता आहेत, मी प्रत्येक वर्षी गाळला. एकदा एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर त्याविषयी विचारले. 'तो परीक्षेस नाही,' असे मी सांगितले. तो पुन्हा आला नाही. अशा रीतीने मी जवळजवळ दोन तपे अर्धा कवी शिकविला. खाटेशी बसलेल्या त्या माणसाचा हळुवारपणा कोठून आला हे विद्यार्थ्यांस मी कळू दिले नाही, आणि त्यास परोपकार म्हणून मोकळा झालो. ही भित्रेपणाची गोष्ट तर खरीच. परंतु माझ्या धंद्याच्या हिशेबाने ते वाचनही चुकीचे होते. ब्रास आणि डीब्लासिओ यांनी ते दोन व्हिटमन चार-पाच मिनिटांत एकत्र आणले.

कार्यक्रमातील सर्वोत्तम कविता मात्र मेल्व्हिन डिक्सनची 'हार्टबीट्स', जिला जॉन मस्टोने स्वर दिले आहेत. डिक्सन हा कृष्णवर्णीय कवी आणि प्राध्यापकही. १९९२ साली याच रोगाने गेला. कविता अशा तुटक उद्गारांची, की जवळजवळ प्रत्येकात दोनच शब्द, आणि दोन्हींवर सारखा आघात: हृदयाचे ठोके. व्यायाम करणाऱ्या धडधाकट माणसापासून ती निघते आणि श्वास पुरेनासा होतो तेथवर जाते. ठोका तोच राहतो, शब्दांतला माणूस खंगत जातो. तीत विशेषण म्हणावे असे फार थोडे आहे, आणि विलाप मुळीच नाही. शेवटाजवळ एक हाक येते. पानावर ती दोन शब्दांत लिहिलेली आहे, म्हणून डोळ्यांस तेथे हृदय दिसते. कानास ती एकच शब्द ऐकू येते आणि तो प्रियकर होतो. वाचणाऱ्याने ती उच्चारली तेव्हा सभागृहात कोणी खोकलेही नाही.

परत आल्यावर ती मराठीत उतरविण्याचा मी तीनदा यत्न केला. आपली क्रियापदे लांब शेपटीची. दोन शब्दांत ठोका बसत नाही आणि बसविला तर तारेचा मजकूर वाचल्यासारखे होते. ती एक हाक तेवढी मराठीने अडविली नाही. 'जिवा' ही आपली हाक स्वतःच्या प्राणासही घालता येते आणि जिवलगासही. बाकीच्या ओळी टाचणवहीत अर्ध्या पडून आहेत.