'सध्या' या शब्दाला आक्षेप

विंडोज १० चालवणारा जुना संगणक विंडोज ११ साठी तपासला की पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य येतं. मराठीत सांगायचं तर: हा पीसी सध्या विंडोज ११ च्या किमान आवश्यकता पूर्ण करत नाही. आपण ते वाचतो आणि खिडकी बंद करतो. कवितेच्या ओळीला लावतो तशी कसोटी अशा वाक्याला कुणी लावत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, अशी वाक्यं लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसतो, म्हणून जरा लावून बघतो.

पहिला आक्षेप 'सध्या'ला. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ मध्ये आले आणि विंडोज ११ ची यादी मुख्यतः तिथून सुरू होते. सहाव्या पिढीचा आय-थ्री उद्या सकाळी आठव्या पिढीचा होणार नाही. मग 'सध्या' कशाला? काही संगणकांच्या बाबतीत तो शब्द खरा आहे. रॅम कमी असेल तर वाढवता येते, बायोसमध्ये एखादी सोय बंद असेल तर चालू करता येते. पण ज्यांचा प्रोसेसरच यादीत नाही त्यांनाही हेच वाक्य दाखवलं जातं. दवाखान्याच्या दारात नातेवाइकांना 'सध्या काही सांगता येत नाही' म्हणतात, तसला हा 'सध्या' आहे. सांगणाऱ्याला सगळं माहीत असतं.

दुसरा आक्षेप कर्त्याला. वाक्याचा कर्ता पीसी आहे. पूर्ण 'करत नाही' तो पीसी. यादी करणारा वाक्यात कुठेच नाही. आता ही यादी बघा. इंटेलच्या सातव्या पिढीतले बहुतेक प्रोसेसर बाहेर ठेवले. पण २०२१ मध्ये जे मोजके आत घेतले, त्यांत आय-सेव्हन ७८२०एचक्यू होता. तो मायक्रोसॉफ्ट स्वतः विकत असलेल्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. म्हणजे रेघ माणसांनी आखली आणि माणसांनीच थोडी सरकवली. व्याकरणात मात्र दोष यंत्राचा, आणि पर्यायाने ते वापरणाऱ्या घराचा.

यामागे सुरक्षेचं कारण आहे आणि ते खोटं नाही. टीपीएम २.० म्हणजे पासवर्ड आणि डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या मुख्य सॉफ्टवेअरपासून वेगळ्या सांभाळणारी सोय. ती हवीच. पण कित्येक सहाव्या पिढीच्या यंत्रांत ती आहे, तरी प्रोसेसर यादीत नाही म्हणून ती नापास. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट संपले. घरगुती वापरासाठी वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही आपणहून नोंदणी केली तर.

तिसरा शब्द 'आवश्यकता'. कुणाच्या? ब्राह्मणपुरीला आमच्या घरातल्या संगणकाच्या आवश्यकता मला माहीत आहेत. सातबारा काढणं, भाचीचे परीक्षेचे फॉर्म, आणि नानांची पत्रं. माझे वडील शहादा तालुक्यातल्या लोकांचे अर्ज वर्षानुवर्षं टाइप करून देत आले. वीजजोडणी, रस्ता, पपईच्या नुकसानीची भरपाई, विहिरीचा वाद. कोण कुणाशी कशावरून भांडलं, कुठल्या साली पाऊस दगा देऊन गेला, हे त्या फायलींत आहे. तालुक्यातल्या टेंभलीला २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, ते सगळ्यांना माहीत आहे. अर्जांतला तालुका कुणाच्या सर्व्हरवर नाही.

आणि तो जुन्या फॉन्टात आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, विंडोज २००० मध्ये ती आलीसुद्धा; पण आपली डीटीपीची दुकानं आणि त्यांच्याकडे शिकलेली माणसं पुढे किती वर्षं जुन्याच फॉन्टात टाइप करत राहिली! या फॉन्टांत फाइलच्या आत साठतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. वर फक्त देवनागरीचा मुखवटा. कोऱ्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकली, फाइल जशीच्या तशी परत आणली, फॉन्ट मात्र राहून गेला, की विहिरीचा वाद म्हणजे कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा चिवडा होतो. संगणकाच्या लेखी काहीच हरवलेलं नसतं. किमान आवश्यकतांच्या यादीत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे. जुनं लिखाण वाचता येणं नाही. फोन बदलताना तुमचे चॅट गेले असतील तर हे वेगळं सांगायला नको.

मी त्या संगणकावर लिनक्स टाकलं. जुन्या यंत्रावर चालतं, पैसे लागत नाहीत, अपडेट येतात. पण त्याच्या मराठीचं कौतुक मला करवत नाही. केडीईत सेटिंगला 'संयोजना' म्हणतात. हा शब्द आमच्याकडे लग्नपत्रिकेतही चालणार नाही. नानांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "इंग्रजीच राहू दे, ते तरी कळतं." तरी एक फरक आहे. ही मराठी स्वयंसेवकांनी वेळात वेळ काढून केली आहे आणि ती दुरुस्त करायला तुम्हीआम्ही जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या त्या 'सध्या'ला हात लावायची सोय आपल्याला नाही.

पत्रं युनिकोडमध्ये न्यायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. घोळ वेलांटीचा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर. साध्या अक्षरावर प्रोग्राम तिला नीट सरकवतो, जोडाक्षर आलं की मध्येच सोडून देतो. रफार तर कुठेही जाऊन बसतो. नियम वाढवत गेलो, चुका कमी होत गेल्या, संपल्या नाहीत. उरलेल्या नाना हातानं काढतात. त्यात वेळ जातो, कारण प्रत्येक अर्जाशी ते थांबतात आणि त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगत बसतात. परवा एका भरपाईच्या अर्जावर अर्धा तास गेला. त्यात वेलांट्या दोनच चुकल्या होत्या.